रात्री दीडचा ठणका

१. ही अर्धशिशीच ना?

“रोज रात्री दीडले उठते. एकाच डोळ्यामांगं. घंटा-दीड घंटा जीव घेते अन् थांबते. दोन महिने असंच चालते, मंग सालभर काही नाही. ही अर्धशिशीच ना?”

यवतमाळकडच्या बोलीत हा प्रश्न कधी औषधाच्या दुकानात विचारला जातो, कधी आशाताईंना, कधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना. बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असे मिळते. मग अर्धशिशीच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यांचा उपयोग होत नाही, कारण ही अर्धशिशी नसते. एकाच डोळ्यामागे, ठरलेल्या वेळी, काही आठवडे सलग उठणाऱ्या आणि मग महिनोन्‌महिने गायब होणाऱ्या या दुखण्याला डॉक्टर क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. माणसाला होणाऱ्या सर्वांत तीव्र वेदनांमध्ये तिची गणना होते.

दोन्ही दुखणी ओळखू येतात ती माणसाच्या वागण्यावरून. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडून राहतो. हलले की दुखणे वाढते, उजेड नको होतो, आवाज नको होतो, मळमळते. उपचार न केल्यास हे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकते. क्लस्टरचा झटका १५ मिनिटे ते ३ तास एवढाच असतो, पण तेवढ्या वेळात रुग्ण एका जागी बसू शकत नाही. तो अंगणात येरझारा घालतो, कपाळ मुठीने दाबतो, खाटेच्या काठावर बसून पुढेमागे डोलतो, काही जण तर डोके भिंतीवर आपटतात. घरच्यांना वाटते, याला काय झाले? झोपून का राहत नाही? ‘झोपून का राहत नाही’ या प्रश्नातच निदानाचा निम्मा भाग आहे.

असे लोक किती असतील? वेगवेगळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या तर आयुष्यात कधी ना कधी हा आजार होणाऱ्यांचे प्रमाण साधारण हजारात एक येते. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. तेच प्रमाण इथे धरले तर जिल्ह्यात पावणेतीन हजारांच्या आसपास माणसे निघतील. हा ढोबळ हिशेब झाला, पण सोळा तालुक्यांत वाटला तरी प्रत्येक तालुक्यात शंभराहून अधिक जण होतात. तालुक्याच्या दवाखान्यात हा रुग्ण कधीच आला नाही, असे समजणे म्हणूनच कठीण आहे. तो आलेला असतो. फक्त त्याच्या केसपेपरवर दुसरेच काहीतरी लिहिलेले असते.

२. झटक्यात नेमके काय होते

दुखणे नेहमी एका बाजूला असते: डोळ्यामागे, भुवईवर किंवा कानशिलात. एका हंगामात ते सहसा बाजू बदलत नाही. पाच-दहा मिनिटांत ते शिगेला पोचते. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, त्यातून पाणी वाहते, त्याच बाजूची नाकपुडी बंद होते किंवा गळू लागते. पापणी सुजते किंवा खाली येते, बाहुली बारीक होते, कपाळाच्या त्या अर्ध्या भागाला घाम फुटतो. दुसरी बाजू मात्र कोरडी ठणठणीत.

झटका एक दिवसाआड एक येऊ शकतो, किंवा एका दिवसात आठपर्यंतही. झोप लागल्यानंतर तास-दीड तासाने येणारा झटका फारच नेहमीचा. काहींना तो इतका वेळेवर येतो की घरातली माणसे आधीच जागी होऊन बसतात. असा हंगाम साधारण सहा ते बारा आठवडे टिकतो. मग तो संपतो आणि माणूस पूर्ण बरा दिसू लागतो. दहातल्या आठ-नऊ जणांना हा हंगामी प्रकार असतो. उरलेल्यांना मात्र विसावा मिळतच नाही, किंवा मिळाला तरी वर्षातून तीन महिन्यांपेक्षा कमी. त्यांचा आजार जुनाट प्रकारात मोडतो आणि त्यांचे हाल अधिक असतात.

सुरुवात बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंत होते. पुरुषांत प्रमाण बायकांपेक्षा बरेच जास्त आहे, साधारण तिप्पट. पण या आकड्याचा एक तोटाही झाला आहे. बाईला असे दुखले की क्लस्टरचा विचारच केला जात नाही आणि ‘बायकांना अर्धशिशी असतेच’ म्हणून तिची बोळवण होते.

हा आजार नवा नाही. अठराव्या शतकातले नामवंत वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांनी १७४५ मध्ये एका धडधाकट मध्यमवयीन माणसाची हकीकत लिहून ठेवली. रोज त्याच वेळी, डाव्या डोळ्याच्या वर, त्याच जागी दुखायचे. डोळा लाल होऊन वाहू लागायचा. डोळा खोबणीतून बाहेर ढकलला जातो आहे असे वाटून तो माणूस वेडापिसा व्हायचा. आणि काही तासांनी सगळे थांबायचे, डोळ्यात काहीही फरक दिसायचा नाही. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आज पांढरकवड्याच्या किंवा पुसदच्या ओपीडीत जसेच्या तसे ऐकू येऊ शकते. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. बेयार्ड हॉर्टन यांनी १९३९ पासून या रुग्णांवर सविस्तर लिहिले, आणि झटके झुंडीने येतात हे पाहून १९५२ मध्ये डॉ. कंकल यांनी ‘क्लस्टर’ हा शब्द वापरला.

३. घड्याळ मेंदूत आहे

डोळा लाल होतो, नाक गळते, तरी डोळ्यात आणि नाकात काही बिघाड नसतो. मग ठणका येतो कुठून?

यवतमाळच्या शेतकऱ्याला हे समजायला कृषिपंपाचे उदाहरण पुरेसे आहे. शेताच्या फीडरवर रात्रपाळीची वीज ठरलेल्या वेळी येते. स्टार्टरला ‘ऑटो’ जोडलेला असला की शेतात चिटपाखरू नसतानाही मोटार आपोआप चालू होते आणि पाइपातून पाणी धो धो वाहू लागते. पाणी भलत्या वेळी आले म्हणून कोणी पाइप बदलत बसत नाही. वेळ ठरते ती दूर कुठेतरी, जिथे विजेचे वेळापत्रक बनते.

क्लस्टरमध्ये हे वेळापत्रक मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागात असावे, असे आज मानले जाते. झोप, जाग, भूक, शरीराचे तापमान, दिवस-रात्रीची जाणीव, ऋतूंशी जुळवून घेणे, ही सगळी कामे हाच भाग सांभाळतो. १९९८ मध्ये लंडनमध्ये डॉ. आर्ने मे, डॉ. पीटर गोड्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांच्या मेंदूची चित्रे झटका चालू असताना घेतली, तेव्हा दुखऱ्या बाजूचा हायपोथॅलॅमस सक्रिय झालेला दिसला. झटके ठरावीक तासाला आणि ठरावीक महिन्यांतच का येतात, या कोड्याला तिथून आधार मिळाला.

स्टार्टरचे काम करते ती चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस. ती चेतली की डोळ्यामागे असह्य दुखते. तिच्याच जोडीने, अश्रू आणि नाकातला स्राव सांभाळणाऱ्या स्वयंचलित नसाही कामाला लागतात. डोळ्यातले पाणी हा त्या नसांचा परिणाम आहे, रोग नव्हे. म्हणूनच डोळ्यात थेंब टाकून किंवा नाकात फवारा मारून हा ठणका थांबत नाही.

४. निदान कुठे चुकते

या आजाराचे निदान व्हायला जगभरात वर्षे लागतात. विदर्भाच्या ग्रामीण भागात त्यात आणखी काही अडचणींची भर पडते.

पहिली अडचण अंतराची. झरी-जामणी किंवा उमरखेड तालुक्यातल्या गावात रात्री दीडला झटका आला तर गाडी मिळवून यवतमाळ गाठेपर्यंत पहाट होते. तोपर्यंत झटका ओसरलेला असतो. डॉक्टरांसमोर बसलेला माणूस थकलेला दिसतो, पण रक्तदाब ठीक, डोळा ठीक, मान ठीक. जवळच्या दवाखान्यात अर्ध्या तासात पोचलाच, तर डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन मिळते आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने दुखणे थांबते. ते इंजेक्शनामुळे थांबले की झटक्याची मुदत संपली म्हणून, हे कोण सांगणार? रुग्णाचा विश्वास बसतो आणि रोज रात्री इंजेक्शन सुरू होते. मूत्रपिंडावर आणि जठरावर त्याचा भार पडतो तो वेगळाच.

दुसरी अडचण दुखण्याच्या जागेची. नाक गळते म्हणून सायनसचा एक्स-रे निघतो. वरच्या जबड्यात कळ जाते म्हणून दात संशयित ठरतो. खर्रा खाणाऱ्यांचे दात आधीच खराब असतात, त्यामुळे एखादा किडलेला दात सापडतो आणि तो काढलाही जातो. क्लस्टरच्या रुग्णांचे निष्कारण दात काढले गेल्याच्या नोंदी अनेक देशांतल्या वैद्यकीय लिखाणात आहेत. चष्म्याचा नंबर बदलणे हा तिसरा नेहमीचा थांबा.

यवतमाळमध्ये यात फवारणीची भर पडते. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावरच्या कीटकनाशकांच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तेव्हापासून फवारणीच्या दिवसांत डोळ्यातून पाणी आणि डोकेदुखी म्हटले की आधी विषबाधेची शंका येते आणि ती यायलाच हवी. पण विषबाधेत दोन्ही डोळ्यांना पाणी येते, दोन्ही बाहुल्या बारीक होतात, सर्वांगाला घाम सुटतो, लाळ गळते, उलट्या होतात, स्नायू फडफडतात, धाप लागते. असे असेल तर घड्याळ न बघता थेट रुग्णालय. क्लस्टरमध्ये सगळा गोंधळ अर्ध्या चेहऱ्यापुरता असतो आणि दुसऱ्या रात्री, फवारणी न करताही, तो त्याच वेळी पुन्हा येतो.

सगळ्यांत मोठी फसगत मात्र या आजाराच्या स्वभावातच आहे. हंगाम आपोआप संपतो. त्यामुळे सहाव्या-आठव्या आठवड्यात जो उपाय चालू असेल, श्रेय त्याला जाते. अर्धशिशी उतरवून देणारा असो, नस दाबणारा असो, नवा काढा असो की नवा डॉक्टर, शेवटी भेटलेला माणूस यशस्वी ठरतो. पुढच्या वर्षी रुग्ण विश्वासाने पुन्हा त्याच्याकडेच जातो आणि आणखी दोन महिने वेदनेत काढतो. कोणाच्या श्रद्धेची टिंगल करण्याचे कारण नाही. पण उपाय खरोखर लागू पडला की नाही हे हंगामाच्या शेवटावरून ठरवता येत नाही, ते एकेका झटक्यावरून ठरवावे लागते.

यावरचा उपाय वहीत आहे. समजा, आर्णी तालुक्यातल्या एका चाळिशीच्या शेतकऱ्याने चार रात्रींची अशी नोंद ठेवली: १२ जुलै, रात्री १.२५ ते २.३५, उजवा डोळा, पाणी आले, नाक बंद, बसवले नाही. १३ जुलै, १.३० ते २.२०, उजवा, तेच. १४ जुलै, सायंकाळी थोडी दारू घेतली, रात्री ८.१० ला झटका, पुन्हा १.४० ला. १५ जुलै, १.२० ते २.४५, गोळी घेतली, फरक नाही. एवढ्या चार ओळी पाहून जाणकार डॉक्टर निदानाच्या अगदी जवळ पोचतात. सोबत झटका चालू असतानाचा चेहऱ्याचा मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असला तर फारच उत्तम, कारण डॉक्टरांना एरवी तो चेहरा कधी दिसतच नाही.

वही पुरेशी असली तरी मेंदूचा एमआरआय एकदा करून घ्यावा. क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ किंवा रक्तवाहिनीतला दोष अशाच दुखण्याचे रूप घेतो. काही खुणा दिसल्या तर थांबूच नये: क्षणार्धात आलेली आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, हातापायात कमजोरी, फिट, झटका संपल्यावरही खालीच राहिलेली पापणी, किंवा दगडासारखा कडक झालेला आणि दिसणे कमी झालेला डोळा. शेवटची खूण काचबिंदूच्या झटक्याची असू शकते आणि त्यात नजर जाते.

जवळचे दोन आजारही सांगायला हवेत. चेहऱ्यावर काही सेकंदांची वीज चमकून जाते, घास चावताना किंवा दाढी करताना कळ येते, तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. आणि झटके क्लस्टरसारखेच पण छोटे व दिवसातून कितीतरी जास्त वेळा येत असतील, तर तो आजार इंडोमेथॅसिन या जुन्या गोळीने पूर्ण थांबतो. या दोघांची औषधे वेगळी आहेत, म्हणून वेळ मोजून लिहिणे महत्त्वाचे.

५. झटका थांबवणारा ऑक्सिजन

साधी गोळी इथे का चालत नाही, याचा हिशेब सोपा आहे. पोटात गेलेली गोळी विरघळून रक्तात पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. झटका दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि तासाभरात संपतो. गोळी पोचते तेव्हा वेदना ओसरत आलेली असते.

सर्वांत सुरक्षित आणि वेगवान उपाय आहे शुद्ध ऑक्सिजन. २००९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉ. ॲना कोहेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांना झटक्याच्या सुरुवातीला मिनिटाला १२ लिटर या वेगाने १५ मिनिटे कधी ऑक्सिजन, तर कधी साधी हवा दिली गेली. कोणत्या सिलिंडरमध्ये काय आहे हे त्यांना माहीत नव्हते. ऑक्सिजनने ७८ टक्के झटक्यांत पाव तासात वेदना थांबली किंवा पुरेशी कमी झाली. साध्या हवेने २० टक्क्यांत.

पण ऑक्सिजन देण्याची रीत चुकली तर हेच औषध निकामी ठरते, आणि ती नेहमी चुकते. नाकात घालायच्या दोन नळ्यांतून मिनिटाला दोन-चार लिटर देऊन काही होत नाही, कारण त्यात खोलीतली हवा मिसळते. मास्कला फुगणारी पिशवी जोडलेली हवी, तिला नॉन-रिब्रीदर मास्क म्हणतात. वेग मिनिटाला १२ ते १५ लिटर. रुग्णाने बसून, थोडे पुढे वाकून, झटका सुरू होताच श्वास घ्यायला लागावे आणि १५ ते २० मिनिटे घेत राहावे. घरगुती ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर या कामाला पुरत नाही.

सिलिंडर किती पुरेल? मिनिटाला १२ लिटर गुणिले १५ मिनिटे म्हणजे एका झटक्याला १८० लिटर. साधारण १५०० लिटरचा छोटा सिलिंडर असेल तर आठ झटके निघतात. सुमारे ७००० लिटरचा जम्बो असेल तर अडतीस. रोज एक झटका येणाऱ्या माणसाला एक जम्बो सिलिंडर महिनाभर पुरतो. घरी ठेवायचा तर डॉक्टरांची चिठ्ठी, १५ लिटरपर्यंत जाणारा फ्लोमीटर आणि पिशवीचा मास्क, या तिन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात.

एक धोका मात्र खरा आहे. क्लस्टरच्या रुग्णांत विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. ऑक्सिजनजवळ पेटती विडी, चूल, गॅसची शेगडी किंवा देवघरातली समई असेल तर क्षणात भडका उडतो. ज्या खोलीत सिलिंडर, तिथे आग नको, एवढा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. दमा किंवा धुरामुळे फुप्फुसे फार खराब झालेल्या रुग्णाला इतका ऑक्सिजन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गरोदर बाईला मात्र हाच पहिला उपाय.

दुसरे खात्रीचे औषध म्हणजे त्वचेखाली घ्यायचे सुमाट्रिप्टानचे ६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन. १९९१ मध्ये स्वीडनचे डॉ. कार्ल एकबोम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्याने ७४ टक्के झटके पाव तासात आटोक्यात येतात. खोट्या इंजेक्शनने फक्त २६ टक्के. चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त घ्यायचे नाही, आणि हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर अजिबातच नाही. ते प्रत्येक दुकानात सापडत नाही, म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच चौकशी करून ठेवावी. नाकात मारायचा ट्रिप्टानचा फवारा इंजेक्शनपेक्षा मंद, पण गोळीपेक्षा बरा.

६. झटके येऊच नयेत म्हणून

रोज झटका आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हंगाम दाबून टाकणे चांगले. इथे मुख्य औषध आहे व्हेरापामिल. रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरली जाणारी ही जुनी, स्वस्त गोळी. २००० मध्ये इटलीत डॉ. मासिमो लिओने आणि सहकाऱ्यांनी दिवसाला ३६० मिलिग्रॅम देऊन पाहिले. पंधरापैकी बारा रुग्णांचे झटके निम्म्याहून कमी झाले. बिनऔषधी गोळी घेणाऱ्या पंधरांपैकी एकाचेही तेवढे कमी झाले नाहीत.

सुरुवात सहसा ८० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी होते आणि डॉक्टर हळूहळू डोस वाढवतात. क्लस्टरला लागणारा डोस रक्तदाबाच्या डोसापेक्षा बराच जास्त असू शकतो. म्हणूनच गोळी सुरू करण्याआधी आणि प्रत्येक वाढीनंतर ईसीजी काढावाच लागतो, कारण काहींच्या हृदयातली विजेची वाट मंदावते. बद्धकोष्ठ होते, पाय सुजतात. मात्र ‘८० ने फरक पडला नाही, औषध बेकार’ असे म्हणून महिनाभरात सोडून देणे हीही मोठी चूक आहे. अनेकांना खरा गुण वरच्या डोसावर येतो.

व्हेरापामिलचा परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तो काळ ढकलायला प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडचा छोटा कोर्स किंवा डोक्याच्या मागच्या नसेजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात स्टिरॉइड घेणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सरासरी ७.१ झटके आले, न घेणाऱ्यांना ९.५. फरक आहे, पण जादू नाही. गुण आला म्हणून हेच स्टिरॉइड महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेत राहिले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षय डोके वर काढतो.

जुनाट प्रकारात लिथियमही वापरतात. यवतमाळच्या संदर्भात त्याबद्दल एक सूचना ठळकपणे द्यावी लागेल. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते आणि विषारी ठरू शकते. मे महिन्यात ४४-४५ अंशांच्या उन्हात शेतात राबणाऱ्या, त्यातच अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणाऱ्या माणसाला हा धोका दुप्पट. हात थरथरणे, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून दवाखाना गाठावा. रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी ठरल्या वेळी व्हायलाच हवी.

टोपिरामेट, मेलाटोनिन ही पुढची नावे. महिन्यातून एकदा घ्यायच्या गॅल्कानेझुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत २०१९ मध्ये हंगामी क्लस्टरसाठी मान्यता मिळाली. ते महागडे आहे, आणि व्हेरापामिल नीट वापरून पाहण्याआधी त्यामागे धावण्याचे कारण नाही.

७. हंगाम निभावताना

हंगाम चालू असेपर्यंत दारूचा एक घोटही नको, मग ती देशी असो, विदेशी असो की मोहाची. एरवी दारूने काही न होणाऱ्या माणसाला या दिवसांत तासाभरात झटका येतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीनेही झटका सुरू होतो. रुग्णाला हृदयविकारही असेल तर ती गोळी स्वतःहून बंद करू नये, पण दोन्ही आजार एकाच डॉक्टरांना सांगावेत. काहींना दुपारची डुलकी नडते, काहींना पेट्रोलचा किंवा रंगाचा उग्र वास. प्रत्येकाची यादी वेगळी, ती वहीतूनच कळते. विडी सोडल्याने झटके थांबतीलच असे सांगता येत नाही. पण ऑक्सिजन घ्यायचा असेल तर विडी सुटलेली बरी.

घरच्यांनी झटक्यात माणसाला धरून झोपवू नये. त्याला चालू द्यावे, वाट मोकळी करून द्यावी, सिलिंडर आणि मास्क हाताशी द्यावा, आणि सुरुवातीची वेळ लिहावी. त्या वेळी तो चिडून बोलला तर ते मनाला लावून घेऊ नये. पोरांना आधीच सांगून ठेवावे की बाबांना दुखते आहे, ते तुमच्यावर रागावलेले नाहीत.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. या आजाराच्या वेदनेत जीव नकोसा होतो, हे रुग्ण स्वतः सांगतात आणि इंग्रजीत त्याला आत्महत्येशी जोडणारे टोपणनावही पडले आहे. ज्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे इतके दुःख पाहिले, तिथे हे वाक्य कानाआड करता येणार नाही. ‘आता सहन होत नाही, संपवून टाकतो’ असे रुग्ण म्हणाला तर तो बोलून मोकळा झाला असे समजू नये. त्याला एकटे सोडू नये. हंगामाच्या दिवसांत कीटकनाशकाचे डबे घरात ठेवूच नयेत, दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवावेत. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. आणि रुग्णाला हे खरे सांगावे की झटका संपणार आहे, हंगामही संपणार आहे, आणि पुढचा हंगाम औषधाने अडवता येतो.

८. जायचे कुठे

पहिली चिठ्ठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा पुसद-पांढरकवड्यासारख्या ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयातून घेता येते. तिथे ईसीजी निघतो आणि ऑक्सिजनही असतो. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून सुरू आहे. मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला हवा असेल तर सेवाग्राम, सावंगी मेघे आणि नागपूर ही ठिकाणे आहेत. वही, व्हिडिओ आणि आधीच्या औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. निदान झाले की डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावे: आजाराचे नाव, पिशवीचा मास्क, मिनिटाला १२ ते १५ लिटर, १५ ते २० मिनिटे. तो कागद खिशात ठेवावा आणि त्याचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ मध्ये, देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत ऑक्सिजनची सोय वाढली. यवतमाळच्या क्लस्टर रुग्णासाठी लागणारे सर्वांत महत्त्वाचे औषध त्यामुळे त्याच्या तालुक्यापर्यंत आलेले आहे. ते त्याच्या मास्कपर्यंत पोचवायचे काम तेवढे बाकी आहे. म्हणून रात्रपाळीच्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना विनंती: एक डोळा लाल, त्यातून पाणी, त्याच बाजूचे नाक बंद आणि रुग्ण खाटेवर टेकायला तयार नाही, असे दिसले तर वेदनाशामक इंजेक्शन भरण्याआधी ऑक्सिजन लावा, आणि पंधरा मिनिटांनी काय झाले ते केसपेपरवर लिहा.